तळहाताचं माप

दर रविवारी वीणा जयंतच्या पाठीवरचे सोरायसिसचे चट्टे स्वतःच्या तळहातानं मोजायची आणि नव्या औषधाच्या चाचणीच्या तक्त्यात लिहायची. अकरा तळहात, मग नऊ.

तक्ता बघून डॉक्टर मयुरा हसली. "काकू, माप पेशंटच्याच तळहाताचं धरतात. काकांचा हात पाठीवर पोचणार नाही, म्हणून त्यांच्या तळहाताएवढा कागद कापून देते."

पुढच्या रविवारी दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वीणानं तो कागद पाठीवर ठेवला.

"टोचतोय," जयंत म्हणाला.

"अच्छा? या चाचणीआधी बारा वर्षं मला पाठीला बोटही लावू दिलं नाहीत, आणि आता कागद टोचतोय?"

जयंत उशीत तोंड खुपसून पुटपुटला, "कागदाचं माप डॉक्टरला दे. मला तुझ्या हाताचं."