पाच पायऱ्या

बांधकाम परवान्याच्या खिडकीतून वर्ननने मार्नीचा नकाशा तिसऱ्यांदा परत सरकवला. घराच्या पाच पायऱ्यांवर तिला लाकडी उतार घालायचा होता, लेक एडीची चाकांची खुर्ची दारापर्यंत चढावी म्हणून. आज तरी नऊ वर्षांच्या लेकीला ती पाठुंगळी घेऊन चढत होती, पण लेक काही हलकी होणार नव्हती.

"इंजिनिअरचा शिक्का नाही," वर्नन म्हणाला. "अगं पोरी, नियम काय मी केलेत का?"

"जवळचा इंजिनिअर दीडशे मैलांवर आहे. बर्फ वितळल्यावर येतो म्हणतो."

"मग तूही बर्फ वितळल्यावर ये की."

तिच्या मागे डेल उभा होता. त्याला गुरं ट्रकमध्ये चढवायला उतार बांधायचा होता. वर्ननने त्याच्यापुढे एका पानाचा अर्ज ठेवला. "सही ठोक आणि सूट. गुरांच्या बांधकामाला परवाना लागत नाही. बाकी घरी कसं काय?"

डेलने मार्नीकडे न बघता सही केली आणि तो निघून गेला.

मार्नीने गठ्ठ्यातला तसलाच एक अर्ज ओढून घेतला आणि भरायला लागली. वर्ननला हसू आलं. तिच्याकडे साधी कोंबडीसुद्धा नव्हती, हे अख्ख्या काउंटीला ठाऊक होतं.

"काय गं, किती जनावरं?"

"एक," मान वर न करता ती म्हणाली. "सत्तर पौंडांचं. बाहेर गाडीत बसलंय. खात्री करायची असेल तर जाऊन विचारा त्यालाच. बोलतं ते."