उलट्या पुस्तकांची फळी

नव्या बाइंडरबाईंनी जाडजूड शब्दकोशाच्या एका प्रतीला पुठ्ठा उलटा चिकटवला, आणि खोलीत कुणीही हसलं नाही. बाईंना चुकीपेक्षा ते जास्त लागलं.

इथली रीत त्यांना ठाऊक होती. पुठ्ठा उलटा लागला की ते पुस्तक खिडकीवरच्या फळीवर चढायचं, चुकणाऱ्याच्या नावाच्या चिठ्ठीसकट, आणि मग आठवडाभर त्या माणसाची सालटी काढली जायची. फळीवर म्हाताऱ्या मामांची तीन होती, कटाईवालीचं एक, खुद्द मालकिणीचं एक. ज्याच्या चुका जास्त त्याचा आवाज मोठा, असा तिथला हिशेब.

मामांनी मात्र पुस्तक हळूच आपल्याकडे ओढलं आणि सरस ओला आहे तोवर पुठ्ठा सोडवायला पातं उचललं. "होतं असं. राहू द्या बाई, मी बघतो."

आठ महिने बाई हेच ऐकत होत्या. झाडू हाती घेतला, राहू द्या. दाबयंत्राचं चाक फिरवायला गेल्या, राहू द्या. चहासुद्धा पहिला त्यांनाच.

त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. "हे फळीवर का नाही?"

"तुमचं?" मामांनी जीभ चावली. "पाहुण्यांच्या चुका झाकायच्या असतात."

"आठ महिन्यांचा पाहुणा? एवढ्या दिवसांत घरचेच घर सोडून पळतात, मामा."

कटाईवालीने हसू गिळलं.

"आणि तुमची ती तीन," बाई थांबेनात, "मधल्याचे तर कोपरेही वाकडे आहेत. उलटं लागलं म्हणून लाज राहिली. सुलटं असतं तर गिऱ्हाइकाच्या हाती पडलं असतं."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पातं खाली ठेवलं.

"ही बया मुकी आहे असं समजत होतो मी," ते कटाईवालीला म्हणाले. मग पायाने स्टूल खिडकीखाली ढकललं. "चढ. तुझं तूच ठेव. आणि वर गेलीच आहेस तर फळी पुसून काढ, नुसती उभी राहू नकोस."

ती चढली. धुळीने दोनदा शिंकली. मामांची तीन पुस्तकं कोपऱ्यात रेटली आणि आपलं बरोबर मधोमध उभं केलं.

"आली नाही तोच मोक्याची जागा धरली बघा," खालून कटाईवाली म्हणाली. "आता हिला उतरवणार कोण?"