थांबायला लागणारं अंतर

मेडशीहून मालेगावला निघालेल्या जीपमध्ये डहाळे सर पुढच्या सीटवर, गिअरचा दांडा दोन गुडघ्यांच्या मध्ये घेऊन, जीव मुठीत धरून बसले होते. वेगाचा काटा नव्वदवर होता, मागे चौदा माणसं कोंबलेली होती आणि समोरची सोयाबीनची ट्रॉली भराभर मोठी होत होती. गाडी चालवणारा अमरदीप दहावीला त्यांच्याच हाताखाली विज्ञान शिकलेला, एवढाच काय तो आधार.

"अमरदीप, हळू रे बाबा! वेग दुप्पट केला, तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला किती अंतर लागतं?"

"चौपट, सर!" अमरदीपनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं.

तेवढ्या भीतीतही सरांना बरं वाटलं. तीस वर्षांची मास्तरकी अगदीच वाया गेली नव्हती.

"मग एवढं येते, तं पळवून कायले राह्यला?" भीतीनं सरांची पुस्तकी भाषाही सुटली.



"बोर्डाच्या पेपरले तुमीच तं उत्तर फळ्यावर लिहून देलं होतं, सर," असं म्हणत अमरदीप रस्त्यावरची नजर काढून पूर्ण त्यांच्याकडे वळला, "पन त्याचा मतलब काय होते?"