यादीतली कोरी ओळ

अकोले तालुक्यात तांदूळ विकणाऱ्या महिला बचत गटाची वेबसाइट मच्छिंद्र सांभाळायचा. बायको शुभांगी वारल्याला महिना झाल्यावर त्याने सभासदांच्या यादीतून तिचं नाव काढलं. नाव गेलं, पण त्या जागी एक कोरी ओळ राहिली.

"तेवढी फट बुजवा की, भाऊजी. बघवत न्हाई," शेजारी बसलेली गटातली बनुबाई म्हणाली.

पानाच्या साच्यात, म्हणजे टेम्प्लेटमध्ये, त्या ओळीच्या कंसात एक आडवी रेघ टाकली की आजूबाजूची मोकळी जागा गिळली जाते. मच्छिंद्रने थकल्या हाताने ती टाकली. वरचं चांगुणाबाईचं आणि खालचं बनुबाईचं नाव एकमेकांना चिकटलं.

यादीखाली गटाचा फोटो होता. त्याला त्याने हातही लावला नव्हता. तरी त्यात चांगुणाबाई आणि बनुबाई खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. त्यांच्या मधली शुभांगी दिसत नव्हती.

"आगं बया! मधी हुती की ती!" बनुबाई म्हणाली.

त्याने घाईघाईने रेघ पुसली. कोरी ओळ परत आली. फोटोतल्या दोघी बाजूला सरकल्या. मधे माणूसभर जागा झाली, पण तिथे नुसती भिंत होती. फोटोतल्या बनुबाईचा हात त्या जागेत खांद्याच्या उंचीवर अधांतरी होता.

शेजारी बसलेली बनुबाई आपल्या तळहाताकडे बघत बसली.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "हाताला खांदा लागतोय."