अवेळची घंटा

"ओढ्याच्या अंगानं जायचं ठरलंय," बिरू म्हणाला आणि त्याने बशीतल्या चहावर फुंकर मारली. "वेशीतून कोण जातंय? दिवस बुडाला की पहिलं घर पेटलं पायजे. माझा थोरला भाऊ पुढं असणार."

सर्जेरावाच्या हातातला कप हातातच राहिला. चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात दुपारच्या पाळीचा पहिला चहा चालला होता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यापासून कँटीनला दुसरा विषय नव्हता. गावोगाव वस्त्या जळत होत्या.

"कोणती वस्ती?" त्याने विचारले.

"लासूर स्टेशनाच्या पल्याडची. ती घंटा हाय ना चर्चची, तिच्या भोवतालची."

ती सर्जेरावाची वस्ती होती. काही घरे बौद्धांची, काही ख्रिस्ती लोकांची, मध्ये चर्च आणि चर्चला खेटून त्याच्या आईचे घर. तो स्वतः लहानपणापासून मिशनच्या बोर्डिंगात वाढला, गावी सुटीपुरता. कारखान्यात हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. नाव सर्जेराव, गाव लासूरकडचे, एवढ्यावर लोकांनी त्याला आपल्यातला धरले आणि त्याने धरू दिले. नम्रतेने राहा, जीभ आवरा, असे चर्चचे पाळकसाहेब सांगत. सर्जेराव आवरत आला होता.

"तिथं म्हातारी माणसं असतील, बिरू."

"असू दे. तुझं कोण हाय तिथं?" बिरू मोठ्याने बोलला. शेजारच्या बाकावरच्यांनी माना वळवल्या.

"कोणी नाही."

चहा एकदम कडू लागला. बायबलातल्या त्या शिष्यासारखे त्याने आपल्याच माणसांना नाकारले होते; कोंबडा आरवायचा तेवढा बाकी होता.

बिरू उठला, खांद्यावरची घोंगडी त्याने सारखी केली आणि सुपरवायझर अप्पारावांना हाक मारली. "साहेब, ह्याचं तोंड बघा. पोट बिघडलंय लई. घरी सोडा, नायतर मशीन धुवत बसावं लागंल आपल्याला."

सगळे हसले.

"आणि याचं मशीन?" अप्पारावांनी विचारले.

"बघतो की मी. तसलं मशीन तर माझी मेंढीबी चालवंल."

पुन्हा हशा झाला. सर्जेरावाने मान खाली घालून गेटपास घेतला. ते हसणे फाटकापर्यंत त्याच्या मागे आले.

बसमध्ये त्याने दोन गोष्टी पक्क्या केल्या. आज त्या वस्तीत एक जीव मागे राहू द्यायचा नाही. आणि परत आल्यावर त्याच बाकावर, त्याच माणसासमोर खरे बोलायचे.

चर्चची घंटा रविवारी वाजायची. एरवी वाजली तर मयत. सर्जेरावाने बसमधून उतरल्या उतरल्या जाऊन दोर ओढला तेव्हा बौद्धांच्या घरांतूनही माणसे धावत आली.

"कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," तो म्हणाला. "म्हणूनच वाजवली."

त्याने ऐकलेले सगळे सांगितले. सांडू नावाच्या तरण्या गड्याने तिथेच दगड उचलला. "मी हलणार नाय. येऊ दे त्यांना."

"सांडूभाऊ, तुझी छाती मोठी, मला ठाऊक आहे," सर्जेराव शांतपणे म्हणाला. "पण तू थांबलास तर बायको थांबेल. ती थांबली तर लेकरं थांबतील. त्यांच्या हातात कुठला दगड देणार आहेस?"

सांडूने लेकरांकडे पाहिले. मग त्याने दगड टाकला आणि धाकट्याला कडेवर घेतले.

लोक ओढा टाळून वेशीच्या वाटेने स्टेशनकडे निघाले. सर्जेरावाची आई कडूबाई मात्र चर्चच्या ओट्यावरचा रांजण भरत बसली होती. वाटेने जाणाऱ्या कोणासाठीही तो रांजण वर्षानुवर्षे तिथे होता. तिचा गुडघा सुजला होता, तरी हंडा तिने सोडला नाही.

"आई, आता जे येतील ते जाळायला येतील."

"जाळणाऱ्यालाबी तहान लागतीच की."

त्याने तिला पाठीवर घेतले.

रात्री स्टेशनच्या फलाटावरून सगळ्यांनी लाल आभाळ पाहिले. घरे गेली. माणूस एकही गेला नाही.

आठवड्याने सर्जेराव कामावर आला. "ये बाबा," अप्पाराव म्हणाले. "त्या दिवशी बिरूनं शेवटच्या भोंग्यापर्यंत दोन्ही मशिनी ओढल्या. जेवायलाही उठला नाही."

म्हणजे भावाला पाठवून हा इथे साळसूद बसला होता. सर्जेराव थेट कँटीनमध्ये गेला. बिरू बशीत चहा ओतत होता.

"बिरू, त्या दिवशी मी खोटं बोललो," सर्जेराव सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. आवाज त्याने चढवला नाही. "मी ख्रिस्ती आहे. ती वस्ती माझी आहे. माझी आई राहते तिथं. तुमच्या लोकांनी घरं जाळली. माणसं सगळी जिती आहेत. शिवी मी देणार नाही, पण इथून पुढं गप्पही बसणार नाही."

बिरूने बशी खाली ठेवली. वर पाहिले नाही.

"कडूबाईचा रांजण वाचला का?" त्याने हळूच विचारले. आईचे नाव सर्जेरावाने कारखान्यात कधीच घेतले नव्हते. "मेंढरं वळायचो तेव्हापास्नं त्यातलंच पाणी प्यालोय मी."