आणखी अकरा महिने

वाचकहो, एका सदनिकेच्या भाडेकरारास मुदतवाढ कशी मिळाली, एवढाच वृत्तान्त मी येथे निवेदन करणार आहे. रत्नागिरी शहरात असे करार नित्य होत असतात. परंतु या एका कराराने माझ्या अंतःकरणात कायमचे स्थान मिळविले, म्हणून हे लेखन.

रामजींनी घंटा दाबली आणि दार उघडेपर्यंत चपला काढून ते अनवाणी उभे राहिले.

"जयभीम, सर."

"नमस्कार. या, काका," प्राध्यापक अभय जोगळेकर म्हणाले. त्यांच्या स्वरात अवघडलेपणा होता.

रामजी खुर्चीच्या कडेवर टेकले. देवरूखकडच्या आपल्या गावाहून आणलेली आमसुलांची पिशवी त्यांनी अभय यांच्या पत्नी रसिकाबाई यांच्या हाती दिली. भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर होती. तिच्यापुढे त्यांनी हात जोडले.

"करार महिनाअखेर संपतोय," अभय म्हणाले.

"त्याच्यासाठीच आलोय. आणखी अकरा महिने वाढवा, एवढी विनंती हाये."

"काका, माझी दापोलीला बदली होईल असं दिसतंय. पुन्हा शब्द देऊन बसलो तर पंचाईत व्हायची. तुम्ही दुसरीकडे विचारलंत का?"

"विचारलं की. लोक आधी आडनाव विचारतात. सांगितलं की म्हणतात, कळवतो. अजून कळवतायत." रामजी क्षीणपणे हसले. "तुमी एकट्यांनी आडनाव विचारलं नव्हतंत."

अभय यांनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकविला.

"भाड्याचं तुमी म्हणाल तसं," रामजी पुढे म्हणाले.

"भाड्याचा प्रश्नच नाही हो."

"मग आमच्या कमळीचं बगा. करार मोडला तर ती पुढला पावसाळा काढायची नाय. डॉक्टर म्हणाले, हिला धक्का नको. घरावर जीव हाये तिचा."

पत्नीविषयी बोलताना ते वृद्ध गृहस्थ खुर्चीवरून आणखी पुढे सरकले.

इतक्यात वाऱ्याने खिडकी आपटू लागली. रसिकाबाईंनी ती ओढून पाहिली, पण लागेना.

"थांबा, बाय," म्हणत रामजी उठले. त्यांनी झडप किंचित वर उचलली आणि अलगद चौकटीत बसविली. "वर उचलून ओढायची. फुगते ती."

"मला नाही बाई कधी जमलं!"

बाहेर अंधारू लागले होते. रसिकाबाईंनी खिडकीजवळचा दिवा लावला. रामजी तेथेच उभे राहून काचेतून खाली पाहत होते. रस्त्यापलीकडे एका पायरीवर कमलाबाई बसल्या होत्या, मान वर करून.

"आता जेवेल ती," रामजी स्वतःशीच पुटपुटले.

"त्यांना वर बोलवा ना," अभय म्हणाले.

"नको, सर. ती नाय यायची."

रसिकाबाईंनी पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या आणि पतीकडे वळून मुद्दाम हसून म्हणाल्या, "अहो, तुमची बदली दरवर्षी निघते आणि दरवर्षी तिची एसटी चुकते. काकांना ताटकळत कशाला ठेवता? आली बदली, तर तुम्ही शनिवार-रविवारी येत जा."

अभय त्या दिव्याकडे वळले. मग म्हणाले, "ठीक आहे, काका. उद्या दुपारी अंगठे देऊन टाकू."

रामजी त्यांच्या पायांकडे वाकू लागले. अभय यांनी घाईने त्यांचे दोन्ही हात धरले. "काय करताय हे! मला लाजवू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघेही हर्षदच्या दुकानात आले. शहरातील बहुतेक भाडेकरार हर्षद याच दुकानातून नोंदवीत असे. त्याने अंगठ्याचे यंत्र टेबलावर पुढे सरकविले.

"मालकांचा अंगठा आधी."

अभय जागचे हलले नाहीत. रामजींनी आपला अंगठा सदऱ्याला नीट पुसला आणि यंत्रावर टेकविला.

"मालक, रामजी धोंडू कांबळे," हर्षद पडद्यावरून वाचू लागला. "सदनिकेचे मूळ मालक मयत राजेंद्र यांचे वडील..."

"कालकथित म्हणा," रामजी हळूच म्हणाले. "आमच्यात गेलेल्या माणसाला मयत म्हणत नाय."

त्या तिन्हीसांजेलाही कमलाबाई आपल्या घराच्या पायरीवर बसल्या होत्या. समोरच्या खिडकीत दिवा लागला. त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि घरात शिरता शिरता समाधानाने म्हणाल्या, "चला ओ, जेवायला वाढते. राजेंद्र आला घरी."

इतका वेळ देऊन हे वाचल्याबद्दल वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
लवू गोविंद शिवलकर
पूर्णगड