चांगुणामावशीची फोडणी

चर्र झालं आणि सुवर्णाचा परातीतला हात जागीच थांबला. पाठोपाठ लसणाचा खमंग वास भिंत ओलांडून आला. सकाळचे दहा. शेजारच्या चांगुणामावशीची फोडणी पडली.

"आई, मावशीकडे आज बी वरण!" आठ वर्षांची महामाया भाकरीचा तुकडा कोऱ्या चहात बुडवत म्हणाली. "आपल्याकडे कधी करशीन?"

"करते ना. सोमवारी करते," सुवर्णा म्हणाली. तुरीच्या डाळीचा डबा चार दिवसांपूर्वीच खडखडीत झाला होता. सोमवार तिनं कशाच्या भरवशावर सांगितला, तिचं तिला ठाऊक.

तिचा नवरा प्रसेनजित संग्रामपूरहून काळी-पिवळी जीप चालवायचा. मालकानं फेऱ्या निम्म्यावर आणल्या, तसा पगारही निम्म्यावर आला. तेलाला, डाळीला, गॅसला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं. ते आपले चढतच होते. सुवर्णानं तेलाची पळी सोडून चमचा धरला, चहातलं दूध बंद केलं, साबणाच्या चिपा एकमेकींना चिकटवून वापरल्या. तरी वीस तारीख उलटली की एकेक डबा रिकामा व्हायचा.

आणि शेजारी ही बाई बघा! साठी उलटलेली, एकटी, ना लेक ना जावई. रेशनचं धान्य आणि निराधारचे पैसे, तेही आले तर आले. पण रोज सकाळी दहाला फोडणी म्हणजे फोडणी. लसणाचा भाव ऐकून बाजारात बायका मुकाट्यानं पुढं सरकतात, आणि हिच्या घरात लसूण तडतडतोय! सुवर्णाला याचं खरंच नवल वाटायचं. ही बाई आहे की जादूगार? कधी कधी भाकरी थापताना ती त्या भिंतीकडेच बघत बसायची, देवळासमोर उभं राहिल्यासारखी.

मागं एकदा तिनं विचारलंही होतं. "मावशी, तुमाले जमते तरी कसं वो?"

"बाजार उठता उठता जाय जा माय," मावशी म्हणाली होती. "तवा भाजीवाले घासाघीस नाही करत, ओटीत टाकून मोकळे होतात." सुवर्णानं तसं केलं. चार वांगी जास्त मिळाली, खोटं कशाला बोला. पण तेला-लसणाचं कोडं काही सुटलं नाही.

गल्लीतल्या बचत गटाची एक रीत होती. ज्या घरी डाळ शिजायची, तिथली बाई एक मूठ डाळ बाजूला काढून ठेवायची. महिनाअखेरीला सगळ्यांच्या मुठी एका डब्यात, आणि तो डबा जिथं खरी अडचण असेल त्या एका घरी.

गेल्या महिन्यात दोन नावं निघाली. सुवर्णाचं आणि चांगुणामावशीचं. गटाच्या अध्यक्ष निशिगंधाताई म्हणजे शाळेतल्या बाई; त्यांचं घर मावशीच्या अगदी समोर. त्या म्हणाल्या, "मावशी एकट्या आहेत, वयही झालंय. डबा त्यांना देऊ."

सुवर्णाची मान खाली गेली. मागायला तोंड नव्हतं आणि नको म्हणायला जीव धजत नव्हता.

मावशी मात्र फिसकन हसली. "मले कायले वो ताई? माही फोडणी रोज तुमच्या खिडकीतून घरात येते ना? का नाक बंद करून बसता?"

बायका खो खो हसल्या. निशिगंधाताईंनाही हसू आलं. "ते मात्र खरं हो. रोज येतो वास." डबा सुवर्णाच्या पदरात पडला. पुढं वीस-बावीस दिवस लेकरांच्या ताटात पिवळंधमक वरण होतं, आणि महामायानं एकदाही कुरकुर केली नाही.

आता तीही डाळ संपली. उद्या दुपारी पुन्हा गटाची बैठक. एका म्हातारीच्या पुढ्यातला डबा दुसऱ्यांदा उचलायचा? सुवर्णाला नको वाटत होतं. पण न उचलावा, तर सोमवारी लेकरांच्या ताटात काय वाढायचं?

वास अजून दरवळत होता. सुवर्णानं एकदम हाताचं पीठ धुतलं. आज शिकूनच यायचं. मावशीला जमतं ते आपल्याला का जमू नये? आणि जमलं, तर उद्या भर बैठकीत सांगायचं, की डबा मावशीला द्या.

"महामाया, भावाकडे पाहाय. मी आलीच."

मावशीचं दार नुसतं लोटलेलं होतं. सुवर्णा हसतच आत शिरली. "मावशी, आज शिकवल्याबिगर मी काही..."

तिची नजर खिडकीकडे गेली.

शेगडी खिडकीला लावून ठेवलेली होती. तिच्यावर छोटी कढई. मावशीनं बोटांनी पाण्याचा शिंतोडा मारला, चर्र झालं, आणि ती हातातल्या पुठ्ठ्यानं कढईवरचा धूर खिडकीबाहेर लोटू लागली, समोरच्या घराकडे. कढईत चमचाभर तेल, लसणाच्या चार काळ्याठिक्कर पाकळ्या आणि एक नवी. वरणाचं पातेलं कुठंच नव्हतं. ताटलीत कोरडी भाकर आणि मीठ.

चाहूल लागली तशी मावशी वळली. दचकली नाही, रागावलीही नाही. तिनं कढई उतरवली, तेल पाकळ्यांसकट एका वाटीत काढलं आणि उद्यासाठी झाकून ठेवलं.

"दार लोट बाई," ती हळूच म्हणाली. "समोरच्या ताईले दिसन. उद्या नावं निघणार आहेत, अन् लेकरं तुह्या घरी आहेत."